मिशीवाला दात

दात काढणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एकदा कॉम्प्युटरवर दात काढून बघावा. वहिनींचा पहिला दात भोपळ्याच्या बीसारखा झाला, दुसरा उशीसारखा. तिसरा कसाबसा दातासारखा दिसला, पण लहान करून बघितला तर पांढरा ठिपका. आयकॉनची हीच तर गोची आहे. मोठा असताना तो कितीही देखणा असू द्या, त्याला जन्म काढायचा असतो नखाएवढा होऊन.

"दाढ काढ," मागे उभे राहून मास्तर म्हणाले. "दाढेला मुळं असतात. मुळांवरून ओळखू येईल."

"एवढं कळतंय तर तुम्हीच काढा."

"काढली असती गं. पण दातवाल्यांच्या पोटावर पाय कशाला?"

वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणीतरी हसत होतं, म्हणून जरा जास्तच हसल्या.

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. मास्तर कामाला होते त्या छापखान्यातली माणसं त्यांना वहिनी म्हणायची, ते ऐकून गल्लीही म्हणायला लागली, आपणही तेच म्हणू. कोपऱ्यावरच्या फोटोच्या दुकानात त्या ओळखपत्राचे फोटो दुरुस्त करायच्या. कुणाच्या मागची पोपडे आलेली भिंत घालवून पांढरा पडदा लावायचा, कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसायची, कुणाला कोट चढवायचा. जन्मात कोट न घातलेली कितीतरी माणसं वहिनींच्या कृपेने सरकारदरबारी कोटात बसली आहेत. हे सगळं थरांवर चालतं. एकावर एक काचा ठेवाव्यात तसे थर, दुकानात त्याला लेयर म्हणतात. खालच्या काचेवर माणूस, वरच्या काचेवर कोट. प्रत्येक थराच्या शेजारी एक इवलासा डोळा काढलेला असतो. त्याच्यावर टिचकी मारली की डोळा मिटतो आणि तो थर दिसेनासा होतो. पुसला जात नाही, तिथेच असतो, नुसता दिसत नाही.

आणि मास्तर? मास्तरांनी कुठल्याही शाळेत एक दिवस शिकवलं नव्हतं. हे नाव पडलं ते दुसऱ्यांच्या चुका काढण्यावरून. छापखान्यात अक्षर जुळवण्यापासून सुरुवात करून ते कॉम्प्युटरपर्यंत आले होते, आणि त्यांच्या नजरेखालून एखादी वेलांटी चुकीची निसटली असं कुणी सांगितलं असतं तर मालकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. रस्त्याने चालतानाही हाच धंदा. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा फिरायला गेली, तेव्हा वहिनी लाडाने काहीतरी सांगत होत्या आणि मास्तर मध्येच थांबून म्हणाले, "ती ऱ्हस्व पाहिजे." वहिनी उंचीने बेताच्याच. त्यांना वाटलं, झालं, पहिल्याच फेरीत आपलं माप निघालं. मास्तर बघत होते समोरच्या पाटीकडे. 'विश्रांतीगृह' असं लिहिलेलं होतं तिथे. मधल्या 'ती'चं त्यांना दुःख झालं होतं.

तर अशा माणसाने एका सकाळी छापखान्यात प्रूफाचा कागद हातात घेतला आणि ओरडायला सुरुवात केली. "फॉन्ट उडालाय! कुणी हात लावला मशीनला?"

फॉन्ट उडणं हा आपल्या छपाईतला जुना रोग आहे. एका मशीनवर टाइप केलेलं दुसऱ्यावर उघडावं तर अक्षरांच्या जागी नुसती काटक्या-कोयत्यांची रास. त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. सगळे धावत आले. कागद बघितला तर मजकूर स्वच्छ, काना-मात्रेसकट जागेवर. मास्तरांनी दुसरा कागद मागवला. त्याचाही फॉन्ट उडालेला. तिसरा. मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली आणि ते म्हणाले, "याचाही उडालाय." हे बोलता बोलताच त्यांचा आवाज खाली आला. भिंतीवरच्या कॅलेंडरचा फॉन्ट उडत नाही, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? ते खाली बसले आणि म्हणाले, "वहिनींना बोलवा."

रक्ताची एक बारीकशी गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. डोळे ठणठणीत. हात ठणठणीत. बोलणं, चालणं, हिशोबीपणा, टोमणे, सगळं शाबूत. त्यांनी मास्तरांना कागद-पेन दिलं आणि काहीही लिहा म्हणाल्या. मास्तरांनी छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'मला वाचता येत नाही.' बाईंनी तोच कागद उलटसुलट फिरवून परत त्यांच्यासमोर धरला. "हे काय लिहिलंय?"

मास्तरांनी बराच वेळ बघितलं. "नक्षी चांगली आहे," ते म्हणाले.

"लिहिता येईल यांना, पण लिहिलेलं वाचता येणार नाही," बाई वहिनींना म्हणाल्या. "दिसलेलं अक्षर जिथे ओळखलं जातं, तिथला रस्ताच बंद झालाय."

"उघडेल का पण?"

बाई पेनाचं टोपण शोधायला लागल्या. ते पेनालाच होतं. वहिनींना उत्तर मिळालं. मास्तर मात्र खुर्चीत सरसावून बसले आणि म्हणाले, "उघडेल की. रस्ता बंद झाला म्हणजे गाव थोडंच उठून गेलं?"

घरी बसून मास्तर वाळायला लागले. भांडीसुद्धा घासली त्यांनी, आणि ज्या माणसाने आयुष्यभर शब्द घासले त्याला भांडी घासताना बघणं वहिनींना सोसेना. मग एक दिवस मालक आले. मालक मनाने वाईट नव्हते, पण धंदेवाले होते, आणि दोन्ही एकाच सदऱ्यात बसवायची त्यांना सवय होती.

"तुमच्यावाचून अडतंय, मास्तर," ते म्हणाले. "कुठल्या गिऱ्हाइकाचं काय कुठे ठेवलंय, तुमच्याशिवाय कुणाला माहीत? प्रूफं बघायला मी माझी मेहुणी आणलीय. घरी बसून असते, शिकलेली आहे. तुम्ही नुसत्या फायली काढून द्या, मजकूर टाइप करा. तेवढं जमलं तर तुमची खुर्ची तुमचीच. पण जमलं पाहिजे बरं का. मीही किती दिवस रेटणार?"

बोटांना कीबोर्डच्या कळा पाठ होत्या, टाइप करणं जमणार होतं. अडचण होती फोल्डरांची. पडद्यावर पिवळ्या फोल्डरांच्या रांगाच रांगा, सगळे एका चेहऱ्याचे, आणि ओळख पटवायला खाली फक्त नाव. म्हणजे मास्तरांच्या लेखी नक्षी.

"नावाच्या जागी चित्र असतं तर?" वहिनी म्हणाल्या. आणि काखेत कळसा असताना आपण गावाला वळसा का घालत होतो, असं त्यांना वाटलं. रोज माणसांना कोट चढवणाऱ्या बाईला फोल्डरवर चित्र चढवणं काय जड होतं?

संध्याकाळी दोघं घरच्या कॉम्प्युटरसमोर बसायची. सगळ्यात खालच्या थरावर कोरं फोल्डर. त्याच्यावर सावली, हलकीशी, नाहीतर चित्र हवेत लोंबकळल्यासारखं दिसतं. त्याच्यावर चित्र. मागची पांढरी जमीन पुसून टाकायची, म्हणजे कडा मोकळ्या होतात. मास्तर गिऱ्हाईक सांगायचे, वहिनी चित्र काढायच्या. किल्ल्या बनवणाऱ्याला किल्ली. चपलांच्या दुकानाला बूट, कारण चप्पल लहान झाली की पाव वाटते. शाळेला घंटा. चष्म्याच्या दुकानाला चष्मा, तेव्हा मास्तर म्हणाले, "त्याला विचार, वाचायचा चष्मा मिळतो का," आणि दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दातवाले दोन निघाले. एकाला दाढ दिली. दुसऱ्याला काय द्यायचं? "त्याला मोठी मिशी आहे," मास्तर म्हणाले. मग दाढेलाच मिशी लावली. लहान केल्यावर ती नाहीशी झाली, म्हणून वहिनींनी जाड केली, मग आणखी जाड, इतकी की शेवटी दातापेक्षा मिशीच जड. मास्तर त्या दाताकडे बघून पोट धरून हसले. तो मिशीवाला दात त्यांचा सगळ्यात लाडका झाला.

एका रविवारी वहिनींनी छापखान्यात जाऊन सगळी चित्रं लावून दिली. चित्रांच्या फायली एका वेगळ्या जागी नीट ठेवल्या आणि एकेका फोल्डरला आपापलं चित्र दाखवून दिलं. सोमवारी मास्तर खुर्चीत बसले आणि मालकांनी मागितलेलं पहिलंच काम त्यांनी चहा यायच्या आत काढून दिलं. मालकांची मेहुणी म्हणाली, "किती गोड दिसतंय हो!" संध्याकाळी मास्तर घरी आले ते धाडधाड पाय वाजवत जिना चढून. उत्साहात असले की ते असेच चढायचे.

इथे गोष्ट थांबवता आली असती तर बरं झालं असतं.

पण मास्तरांना दुधाची तहान ताकावर भागवायची नव्हती. "चित्रं म्हणजे कुबडी," ते म्हणाले. "कुबडी टाकायची असते. तू एक कर, चित्राच्या वर आणखी एक थर चढव. त्यावर नावाचं पहिलं अक्षर. अगदी पुसट. दाताला द, शाळेला श. रोज डोळ्याखालून जाईल. मग हळूहळू गडद करत जा. अक्षर गडद आणि चित्र पुसट. एक दिवस चित्र काढूनच टाक."

युक्ती मास्तरांना शोभणारी होती. वहिनींनी अक्षरं चढवली. वाफेने धुरकटलेल्या काचेवर बोटाने लिहावं इतकी पुसट. आणि काय सांगावं, मास्तर ओळखायला लागले! वहिनी घरी एकेक आयकॉन उघडायच्या आणि मास्तर धडाधड सांगायचे. "क. श. द. हाही द, मिशीवाल्याचा." दर काही दिवसांनी वहिनी अक्षरं थोडी गडद करायच्या, पेन ड्राइव्हवर घालून छापखान्यात नेऊन बदलायच्या. मास्तरांनी आपल्या मोठ्या बहिणीला फोन करून सांगितलं, "ताई, वाचायला लागलोय." पलीकडे ताई रडल्या. मग त्यांनी फोन वहिनींकडे मागितला आणि विचारलं, "खरंच का गं?"

"खरंच, वन्सं," वहिनी म्हणाल्या. आणि त्या दिवशी त्या खोटं बोलत नव्हत्या.

खोटं पुढच्या आठवड्यात सुरू झालं. वहिनी शाळेचा आयकॉन उघडून बसल्या होत्या. श गडद करायचा होता, खालची घंटा मध्ये मध्ये येत होती, म्हणून त्यांनी घंटेच्या थराचा डोळा मिटला. पडद्यावर उरलं फोल्डर आणि त्याच्यावर भला मोठा, काळा, कुणालाही दिसेल असा श. टॉवेलने हात पुसत मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"हे कुणाचं?" वहिनींनी सहज विचारलं.

मास्तरांनी वाकून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "किल्लीवाला."

वहिनींनी शाळेचा आयकॉन बाजूला सारला. त्यांनी दाताचा आयकॉन उघडला, दाढेचा डोळा मिटला, नुसता द ठेवला. "आणि हे?"

"बूट. नाही, थांब. चष्मा."

वहिनींनी दाढेचा डोळा उघडला. "हां, द!" मास्तर लगेच म्हणाले. "द आहे की! आधी नीट उजेड नव्हता पडत." त्यांनी पुढे होऊन दिव्याची मान वळवली, आणि मग घंटा उघडल्यावर म्हणाले, "हा श. बघ, उजेडात कसा स्वच्छ दिसतो."

मास्तर थापा मारत नव्हते. हेच तर वाईट होतं. त्यांना दाढ दिसायची, आणि दाढेबरोबर द मनात यायचा, आणि मनात आलेला द आपण डोळ्यांनी वाचला असं त्यांना वाटायचं. तसं वाटण्यात एवढा आनंद होता की खरंखोटं करायला त्यांना सवडच नव्हती.

सांगायला हवं होतं. वहिनींच्या ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्यांनी मागे वळून बघितलं, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर ते जुनं, पाट्या वाचतानाचं तेज होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी स्वतःला समजावलं. चित्रं आहेत तोवर खुर्ची आहे, खुर्ची आहे तोवर माणूस आहे. अक्षरांनी काही बिघडत नाही. बिचारी वर बसून राहतील. "हो, श," त्या म्हणाल्या. त्यानंतर वन्संचा फोन आला की त्या "वाचतात हो" म्हणायच्या आणि घाईने दुसरा विषय काढायच्या. आणि रोज संध्याकाळी, मास्तरांना न वाचता येणारी अक्षरं आणखी गडद करायच्या. इतकं एकटं वाटावं असं काम त्यांनी आयुष्यात दुसरं केलं नव्हतं.

मास्तर छापखान्यात सांगत सुटले. "वाचायला लागलोय." मालकांनी पाठ थोपटली. मालक खूश झाले की त्यांना खर्च सुचायचा. त्यांनी मास्तरांसाठी नवा कॉम्प्युटर आणला, पडदा जुन्याच्या दुप्पट.

वहिनी एका मुलीच्या फोटोवरचे उडालेले केस बसवत होत्या, तेव्हा दुकानात मेहुणीबाईंचा फोन आला. "वहिनी, जरा येता का? मास्तर सकाळपासून नुसते पडद्याकडे बघत बसलेत. बोलत नाहीत. तब्येत तर ठीक आहे ना?"

"कॉम्प्युटर कुठला आहे समोर?"

"नवा! आजच बसवला ना. मी स्वतः सगळं जुन्यावरून यावर आणलं. एक फाईल हरवली नाही. ती खेळण्यातली चित्रं होती ना एका ठिकाणी, तेवढी मागे ठेवली. उगाच जागा अडवतात."

चित्र फोल्डरला चिकटलेलं नसतं, हे वापरणाऱ्याला कुठून माहीत असणार? चित्र वेगळ्याच घरात राहतं, फोल्डरला फक्त त्याचा पत्ता ठाऊक असतो. चित्र मागे राहिलं की फोल्डर मुकाट्याने पुन्हा पिवळं होतं. वहिनींनीच ती नीटनेटकी म्हणून वेगळी ठेवली होती. मेहुणीबाईंना बोल लावावा तर आपलेच दात आणि आपलेच ओठ.

त्यांनी पेन ड्राइव्ह घेतला आणि जवळजवळ पळतच गेल्या.

छापखान्यात मास्तर खुर्चीत ताठ बसले होते. समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर पिवळी फोल्डरं, टापटीप, सगळी सारखी. गल्ल्यापाशी एक उंच गृहस्थ घड्याळ बघत उभे होते. त्यांना आपल्या दवाखान्याची जुनी कार्डं पुन्हा छापून हवी होती. त्यांच्या मिशीकडे बघून वहिनींनी त्यांना आधी कधी पाहिलं नसतानाही ओळखलं.

"जरा उठता का?" वहिनी मास्तरांच्या कानाशी म्हणाल्या. "चित्रं राहिलीत मागे. आत्ता लावते."

"कशाला?" मास्तर मोठ्याने म्हणाले. मालक, मेहुणी, मशीनवरचा माणूस, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "किती दिवस चित्रं? मी वाचतो की. नवीन पडदा आहे, डोळा बसायला वेळ लागतो, एवढंच."

"अहो, पण लावते ना. पटकन होईल."

"काही लावू नकोस. तूच सांग यांना, मी घरी वाचतो की नाही?"

सगळ्यांनी वहिनींकडे बघितलं. तेव्हासुद्धा बोलता आलं असतं. वहिनींच्या तोंडून आलं, "वाचतात."

मास्तरांनी पडद्याजवळ तोंड नेलं. एका फोल्डरच्या खाली बोट ठेवलं, बोट नावाखालून सरकवलं, आणि म्हणाले, "हा बघा द. दातांचा दवाखाना." उघडलं. आत शाळेची प्रगतिपुस्तकं.

"शेजारचं असेल," मास्तर म्हणाले. शेजारचं उघडलं. पडदाभर बूट.

दातांचे डॉक्टर सभ्य होते, त्यांनी नजर घड्याळावरच ठेवली. मशीनवरच्या माणसाने मशीन बंद केलं, ते त्याने करायला नको होतं, कारण मग काहीच आवाज उरला नाही. मास्तरांनी आणखी एक उघडलं. किल्ल्या. आणखी एक. मेहुणीबाईंना राहवलं नाही. "मास्तर, ते तर तुमच्या नाकासमोर आहे, वरून दुसऱ्या ओळीत. मोठ्या अक्षरात लिहिलंय हो."

मास्तरांनी तिकडे बघितलं नाही. ते वळून वहिनींकडे बघायला लागले. रागाने नव्हे. प्रूफ हातात घेऊन बघत तसे, वरपासून खालपर्यंत, ओळीओळीने. आणि चूक कुठे आहे ते त्यांना सापडलं, हे वहिनींना दिसलं.

"मास्तर, चला, बाहेर चहा घेऊ," मालक म्हणाले.

संध्याकाळी मालक घरी येऊन बसले. आराम करा म्हणाले, तब्येत आधी म्हणाले, मेहुणी हळूहळू शिकेल म्हणाले. मास्तर प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. जाताना दारात चपला घालता घालता मालकांना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, म्हणून ते म्हणाले, "चित्रं मात्र झकास होती हं, वहिनी. मेहुणी म्हणते, परत लावून मिळतील का? तिला आवडली होती."

"देते," वहिनी म्हणाल्या.

दार लागल्यावर मास्तरांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"शाळेचं करत होते तेव्हा. घंटेचा डोळा मिटला होता."

"बरेच दिवस झाले की."

"हो."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही परत आला असतात घरात बसायला, भांडी घासायला. मला नाही बघवत ते." वहिनींना रडू आलं. "चार दिवस का होईना, आनंदात होतात."

मास्तरांनी विचार केला. ते नेहमीच नीट विचार करून बोलायचे. "सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तर मी आज तिथे तोंड उघडलं नसतं. गुपचूप उठलो असतो. तू चित्रं लावली असतीस. उद्या गेलो असतो कामावर."

खरं होतं ते, शब्दन् शब्द.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसले. मालकांनी काढण्याआधी आपण राजीनामा द्यायचा, आणि तो लेखी द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मास्तरांनी एकटाकी लिहिलं, पानभर. मान एकदाही वर केली नाही, कारण वर करून खाली बघितलं असतं तर कुठवर आलो ते कळलं नसतं. सही केली आणि कागद वहिनींपुढे धरला.

"बघ. चूक आहे का कुठे?"

वहिनींनी वाचलं. डोळ्यात तेल घालून वाचलं, एकेक वेलांटी, एकेक उकार. इतक्या वर्षांत नवऱ्याने जे शिकवलं होतं ते सगळं पणाला लावून वाचलं. भाषा साधी होती. छापखान्याचे आभार होते, मालकांचे होते, मेहुणीबाईंना शुभेच्छा होत्या. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. आणि चूक एकही नव्हती.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "खरं सांगतेस?"

"अहो, खरंच. देवाशपथ. एकही नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी कागद परत घेतला. त्यावर नजर फिरवली, नुसती सवयीने, आणि दार उघडून बाहेर गेले. वहिनींना वाटलं, छापखान्यात निघाले. पण जिन्यावर पावलं वाजली नाहीत. वाजलं ते शेजारच्या बाईंचं दार.

"जरा त्रास देतो," मास्तरांचा आवाज आला. "एवढं वाचून सांगता का, यात कुठे चूक आहे का?"

शेजारणीला चष्मा आणायला वेळ लागला. वहिनी आपल्या दाराआड, कडीला धरून उभ्या होत्या. "नाही हो मास्तर," शेजारीण म्हणाली, "मला तर काही दिसत नाही. किती सुरेख लिहिलंय."

"आभारी आहे," मास्तर म्हणाले. ते क्षणभर तिथेच घुटमळले. मग दोन पावलं चालत गेले आणि त्यांनी समोरचं दार वाजवलं.